या वर्षी चांदणी लावायची की नाही?

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

"वय ४३. आम्ही मराठी ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे, आता पिंपरी-चिंचवडला राहतो. ऑगस्टमध्ये माझे मिस्टर हार्ट अटॅकने गेले. सकाळी चहा घेऊन कामावर गेले आणि दुपारी फोनच आला. घरात आता मी, सासूबाई, दहावीतला मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. दरवर्षी एक डिसेंबरला हे गॅलरीत चांदणी लावायचे, बांबूच्या कामट्यांची, स्वतः बनवलेली. मुलगी रोज विचारते चांदणी कधी लावायची. सासूबाई म्हणतात या वर्षी आपल्या घरी नाताळ नाही. मुलगा चर्चला यायलाच तयार नाही. चर्चमधले लोक म्हणतात रडू नका, ते प्रभूजवळ आहेत, नाताळ आशेचा सण आहे, आनंद करा. मला आनंद हा शब्द ऐकला की चीड येते आणि चीड आली म्हणून परत अपराधी वाटतं. प्रार्थनेला बसले की शब्द फुटत नाही. माझा विश्वास संपला का? नाताळची आशा फक्त भरल्या घरांसाठी असते का? आणि साधा प्रश्न, चांदणी लावू की नको?"

ताई, सलाम.

तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून मी ते तीन-चार वेळा वाचलं, आणि दरवेळी त्या चांदणीपाशीच अडकले. बाजारात प्लास्टिकच्या चांदण्या शंभर-दीडशेला ढिगाने मिळत असताना जो माणूस बसून कामट्या तासतो, दोरा गुंडाळतो, पतंगाचा कागद खळीने चिकटवतो, त्याच्या हाताची वस्तू आत्ता तुमच्या माळ्यावर पडून आहे आणि तिला हात लावायचं धाडस तुम्हाला होत नाहीये. मला ते कळतं. म्हणून लावा किंवा नका लावू असं आधीच सांगत नाही, त्याआधी तुमच्या पत्रातल्या दोन-तीन गोष्टी, ज्या तुम्ही धरूनच चालल्या आहात, त्यांच्याबद्दल बोलू.

पहिली म्हणजे "रडू नका, आनंद करा" हे. हे बोलणारी माणसं वाईट नसतात, त्यांना तुमचं दुःख बघवत नाही आणि काय बोलावं ते सुचत नाही म्हणून ती वचन पुढे करतात. बहुतेक वेळा जे वचन पुढे करतात ते पौलाने थेस्सलनीकातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं असतं, चौथा अध्याय, तेरावी ओवी, झोपी गेलेल्यांबद्दल, म्हणजे वारलेल्यांबद्दल, खेद करू नका. पण ते वाक्य तिथे थांबत नाही हो. पौल म्हणतो की ज्यांना आशा नाही अशा बाकीच्या लोकांसारखा खेद करू नका. खेद करूच नका असं तो कुठेही म्हणत नाही. आशा असलेल्या माणसाचाही खेद असतो, तो वेगळा असेल, पण असतो, आणि पौलाला ते माहीत होतं म्हणून तर त्याला हे पत्र लिहावं लागलं, त्या मंडळीतली माणसं मरत होती आणि मागे राहिलेले रडत होते. आपण निम्मं वाक्य सांगतो आणि विधवेच्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि खुद्द प्रभू. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला. योहानाचा अकरावा अध्याय काढून बघा. पुढच्या काही मिनिटांत आपण लाजराला उठवणार आहोत हे त्याला माहीत होतं, तरी लाजराची बहीण मरीया आणि तिच्या सोबतचे लोक रडताना बघून तो रडला. पुढे काय होणार हे माहीत असूनही ज्याला रडू आवरलं नाही त्याच्यासमोर तुम्ही कोरड्या डोळ्यांनी बसायचं, हा नियम कुणी केला?

आता तुमचा मोठा प्रश्न, विश्वास संपला का. तुम्ही धरून चालला आहात की नाताळची आशा म्हणजे मनात येणारी एक भावना आहे, डिसेंबर लागला की ती यायला पाहिजे, आणि ती येत नाही म्हणजे आपल्यातच काहीतरी बिघडलंय. मला वाटतं गाडी इथेच चुकीच्या रस्त्याला लागते. लूकच्या दुसऱ्या अध्यायात देवदूत मेंढपाळांना भेटतो तेव्हा काय म्हणतो ते आपण लहानपणापासून इतक्या नाटकांमध्ये पाठ म्हटलंय की त्याचा अर्थच घासून गेलाय. तो म्हणतो भिऊ नका, मी तुम्हाला मोठ्या आनंदाची सुवार्ता सांगतो. सुवार्ता म्हणजे बातमी. तो त्यांना "आनंद करा" असा हुकूम देत नाही, चेहरा हसरा करा मग सांगतो असंही म्हणत नाही, तो फक्त सांगतो की तुमच्यासाठी आज तारणारा जन्मला आहे आणि तो तुम्हाला कुठे सापडेल, बस. बातमी खरी असली तर ती ऐकणाऱ्याच्या मूडवर अवलंबून नसते. तुम्ही बरं वाटत असताना ऐकलीत तरी तीच आणि उशीत तोंड खुपसून ऐकलीत तरी तीच. आशा तुम्हाला मनातून पैदा करायची नाहीये, ताई, ती बाहेरून आलेली आहे. या वर्षी तुमच्या अंगात ती उचलून घ्यायची ताकद नसेल तर नसेल. ती दाराशी ठेवलेली आहे एवढं माहीत असलं तरी चालेल.

शिवाय ही बातमी मिळाली कुणाला ते बघा. रात्रपाळीवाल्यांना. आपल्या नगर-पारनेर भागात हिवाळ्यात शेतात मेंढ्या बसवतात ते तुम्ही लहानपणी बघितलं असेल, जाळी लावून मेंढरं आत आणि माणूस घोंगडी पांघरून बाहेर जागा, कारण लांडगा कधीही येऊ शकतो. तशी माणसं. सणाची तयारी करून बसलेलं त्यांच्यात कुणी नव्हतं. लूकच्या पहिल्या दोन अध्यायांत देवदूताला म्हाताऱ्या याजकाला, जखऱ्याला, सांगावं लागतं भिऊ नको, येशूच्या आईला, मरीयेला, सांगावं लागतं भिऊ नको, मेंढपाळांना सांगावं लागतं भिऊ नका. सगळी गोष्टच घाबरलेल्या माणसांची आहे. कार्डावर आपण ती इतकी गोड करून टाकली की खऱ्या दुःखातल्या माणसाला वाटायला लागतं आपली इथे जागा नाही. आणि जागा नसणं हेसुद्धा त्याच गोष्टीत आहे, उतारशाळेत त्यांना जागा नव्हती, म्हणून बाळ बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं.

मत्तयाचा दुसरा अध्याय तर आपण नाताळात अर्धाच वाचतो. मागी लोक म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, तारा, सोनं-ऊद-गंधरस, इथपर्यंत. त्याच्या पुढे हेरोद राजा बेथलेहेममधली दोन वर्षांच्या आतली मुलं मारतो आणि मत्तय तिथे यिर्मया संदेष्ट्याचं वचन आणतो, राहेल आपल्या मुलांसाठी रडते आणि काही केल्या सांत्वन पावत नाही. म्हणजे सांत्वन न पावणाऱ्या आईला पहिल्याच नाताळाच्या गोष्टीत जागा दिलेली आहे, आणि तिला कुणी गप्प केलेलं नाही. कॅथलिक आणि काही इतर चर्चमध्ये २८ डिसेंबरला त्या बाळांची आठवण करतात, नाताळानंतर तिसऱ्याच दिवशी. माझ्या मते आपल्या मराठी मंडळ्यांमध्ये त्या दिवसाकडे जास्त लक्ष द्यायला हवं, पण तो विषय परत कधीतरी.

आता मला तुम्हाला हन्नाकडे न्यायचंय. लूकच्या दुसऱ्या अध्यायातच, छत्तिसाव्या ओवीपासून. बाळाला मंदिरात आणतात तेव्हा तिथे ही म्हातारी भेटते. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर सात वर्षं संसार आणि मग विधवा, ८४ वर्षांची होईपर्यंत. लूक हा नेटका लिहिणारा माणूस, तो उगाच आकडे देत नाही, त्याने ती सात वर्षं मोजून लिहिलीत. म्हणजे ती सात वर्षं तिच्या आयुष्यात कायम मोजली गेली होती, पुसली गेली नव्हती. साठ-एक वर्षं एकटीने काढलेली ही बाई, आणि बाळाला बघून तारणाची वाट बघणाऱ्या सगळ्यांना त्याच्याबद्दल जाऊन सांगणारी हीच. आपल्या संडे स्कूलच्या नाटकात मेंढपाळ असतात, मागी असतात, मेंढ्या झालेली लहान पोरं असतात, हन्ना कधी बघितली का तुम्ही? मी नाही बघितली. नाताळची आशा भरल्या घरांसाठीच आहे का असं तुम्ही विचारलंत ना, ती आशा ज्यांनी सगळ्यात आधी ओळखली त्यांच्यात एक विधवा आहे.

योसेफाचंही तेच. गव्हाणीच्या देखाव्यात तो कायम उभा असतो, हातात काठी नाहीतर कंदील. पण येशू बारा वर्षांचा असताना यरुशलेमेत हरवला होता त्या प्रसंगानंतर योसेफ सुवार्तेच्या पुस्तकांत प्रत्यक्ष कुठेच दिसत नाही, आणि वधस्तंभावरून प्रभू आपल्या आईला शिष्याच्या हवाली करतो, त्यावरून चर्चची जुनी समजूत अशी की तोवर तो वारलेला होता. म्हणजे ज्या घरात आपला तारणारा वाढला त्या घरातही एक दिवस सुतारकामाची हत्यारं कुणी हात न लावता पडून राहिली असतील. मी हे कल्पनेने म्हणतेय, शास्त्रात असं लिहिलेलं नाही. पण तुमच्या माळ्यावरच्या त्या चांदणीबद्दल वाचताना मला तेच दिसलं.

येशूच्या इम्मानुएल या नावाचा अर्थ आपल्याला पाठ आहे, आम्हांबरोबर देव. बरोबर. देवाने दुःखाचं कारण समजावून सांगायला कुणाला पाठवलं नाही, तो स्वतः येऊन राहिला, आणि तोही बाळ होऊन, म्हणजे ज्याला भूक लागते, थंडी वाजते, जे पुढे मोठं होऊन स्वतः मरणार आहे असं. त्या रात्री तसं बघितलं तर काहीच सुटलं नाही, रोमची सत्ता तशीच राहिली, हेरोद गादीवरच होता, मेंढपाळ सकाळी परत मेंढ्यांकडे गेले आणि थोड्याच दिवसांत त्या जोडप्याला बाळ घेऊन मिसरात, म्हणजे इजिप्तला, पळावं लागलं. पुढची तीस वर्षं कुणाला काही दिसलंसुद्धा नाही. आणखी एक, नाताळ हा चर्चचा पहिला सण नव्हे. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी पुनरुत्थान आधी साजरं केलं, २५ डिसेंबरला प्रभूजन्म पाळायला लागले ते चौथ्या शतकात. म्हणजे रिकामी कबर बघितल्यावर मग त्यांनी मागे वळून गव्हाण बघितली. तुमचे मिस्टर प्रभूजवळ आहेत असं जे तुम्हाला सांगतात त्याचा पाया तिथे आहे, आणि तो पक्का आहे असं मी मनापासून मानते. पण पाया पक्का आहे म्हणून रोज संध्याकाळी सहाला गाडीचा हॉर्न वाजला की पोटात गोळा यायचा थांबत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

प्रार्थनेला शब्द फुटत नाही म्हणालात. पंडिता रमाबाईंचं थोडं सांगते. आईवडील दुष्काळात गेले, नंतर भाऊ गेला, लग्न झालं तर दोन वर्षं व्हायच्या आत १८८२ साली नवरा कॉलऱ्याने गेला, पदरात वर्षाचीही न झालेली मनोरमा. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. आता आपल्याला वाटतं की तिथून पुढे सगळं लख्ख झालं असेल, पण त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षं आपल्याला जे हवं होतं ते सापडलेलं नव्हतं. त्याच बाईने पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, शेकडो टाकलेल्या बायका-मुलींना घर दिलं, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून आख्खं बायबल मराठीत आणलं. मनोरमाबाई त्यांच्या आधी गेल्या, १९२१ मध्ये, आणि दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये रमाबाई. तुम्ही रमाबाई व्हा असं मी म्हणत नाहीये, मुळीच नाही. एवढंच म्हणते की कोरडे दिवस आले म्हणजे विश्वास मेला असं होत नाही, त्यांना तर कोरडी वर्षं काढावी लागली. तुमच्याच्याने प्रार्थना होत नसेल तर तुमच्यासाठी दुसरे करतील, मंडळी कशासाठी असते. तुम्ही नुसतं बसा. अगदीच वाटलं तर एखादं स्तोत्र उघडा, तेरावं बघा, "हे परमेश्वरा, किती वेळ" असंच सुरू होतं, चिडलेल्या माणसाचे शब्द आहेत आणि बायबलमध्ये आहेत. तुमची चीड देवापासून लपवून ठेवायची गरज नाही.

आता घरातल्या माणसांकडे येऊ.

तुमच्या पत्रात सासूबाईंबद्दल दोनच ओळी आहेत आणि त्या वाचून मला वाटलं की तुम्ही त्यांचं म्हणणं अडथळा म्हणून बघताय. तुमच्या जागी ते साहजिक आहे. पण त्यांनी मुलगा गमावलाय हो. मंदिरात शिमोन नावाच्या भक्ताने बाळ येशूला हातात घेऊन देवाची स्तुती केली आणि लगेच मरीयेला सांगितलं की तुझ्या स्वतःच्याही जिवातून तलवार भोसकून जाईल. आईला सांगितलं ते. आपल्याकडे दुखवट्याच्या घरी सणाला कढई ठेवत नाहीत, ही रीत आपण ख्रिस्ती झालो म्हणून सोडली नाही, दिवाळीला हिंदू घरांत जे करतात तेच आपण नाताळात करतो, आणि त्यात मला काही चूक वाटत नाही. ती रीत म्हणजे जुन्या लोकांची "आमच्यात ताकद नाही" असं न बोलता सांगायची सोय आहे, आणि तिचा दुसरा अर्धा भाग म्हणजे शेजाऱ्यांनी करंज्या-चकल्यांचा डबा आणून द्यायचा. त्यामुळे "नाताळ नाही" म्हणताना त्यांच्या मनात नेमकं काय नको आहे ते विचारा. फराळ नको आहे का, नवे कपडे नकोत का, की लोक येऊन हसत-खिदळत बसतील ते नको आहे. की ती चांदणी दुसऱ्या कुणाच्या हाताने लावलेली बघवणार नाही. ही चार वेगवेगळी कारणं आहेत आणि प्रत्येकावर वेगळा मार्ग निघतो. नाताळ एकतर पूर्ण करायचा नाहीतर अजिबात नाही, असं काही नसतं. केक नाही, फराळ नाही, नवे कपडे नाहीत, पण संध्याकाळी पाच मिनिटं दिवे घालवून एक मेणबत्ती लावायची आणि लूकच्या दुसऱ्या अध्यायातल्या पहिल्या वीस ओव्या मुलीने वाचायच्या, याला कुठलीच सासू नाही म्हणणार नाही असं मला वाटतं. आणि म्हणाल्याच तर या वर्षी राहू दे.

मुलाला चर्चला ओढून नेऊ नका. सोळा वर्षांचा मुलगा, दहावीचं वर्ष, आणि चर्चमध्ये शिरल्याबरोबर दहा जण पाठीवर हात ठेवून म्हणणार "आता घरातला कर्ता तूच." नुसत्या या एका वाक्याने पोरं लांब पळतात. ताई, हे वाक्य बोलणाऱ्यांना तुम्ही स्वतः सांगा की असं बोलू नका. तो कर्ता नाहीये, तो मुलगा आहे. त्याला एवढंच सांगा की मी २५ तारखेला सकाळच्या उपासनेला जाणार आहे, तू आलास तर मला आधार वाटेल, नाही आलास तरी मी रागावणार नाही, आणि खरंच रागावू नका. मुलीशी मात्र स्पष्ट बोला, पप्पा देवाच्या गावाला गेलेत असलं काही नको, नऊ वर्षांचं मूल त्यावरून नाताळला पप्पा परत येतील अशी वाट बघत बसतं. पप्पा वारले, ते या नाताळला येणार नाहीत, आपण त्यांना परत भेटू असा आपला विश्वास आहे पण ते आत्ता नाही, आणि मलापण खूप रडू येतं. एवढं.

चर्चचं सांगते. माझे वडील नऊ डिसेंबरला गेले होते, बरीच वर्षं झाली. त्या नाताळला आई उपासनेला गेली, शेवटच्या बाकावर बसली, आणि शेवटच्या गाण्याला सगळे उभे राहिले तशी उठून बाहेर आली. मी मागोमाग गेले तर मंडळीतल्या एक बाई, ज्यांच्याशी आमचं फार बोलणंही नव्हतं, त्या आईच्या आधीच बाहेर येऊन चपलांपाशी उभ्या होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. आईची शाल खांद्यावरून घसरली होती ती त्यांनी नीट केली, टोकं पुढे घेऊन तिच्या हातात दिली, आणि आतलं गाणं संपेपर्यंत तशाच शेजारी उभ्या राहिल्या. आई पुढे कितीतरी वर्षं म्हणायची, त्या नाताळातलं प्रवचन मला आठवत नाही पण ती शाल आठवते. तुमच्या मंडळीतही अशी एखादी बाई असेल, तिला आधीच सांगून ठेवा की मी शेवटी बसणार आहे आणि मध्येच उठले तर तू ये. शेवटी बसायला, लवकर निघायला, प्रभुभोजन घेऊन सरळ घरी यायला काहीही हरकत नाही. हात मिळवत उभं राहायचं जिवावर येत असेल तर नका राहू.

कॅरल पार्टीचं आत्ताच ठरवा, नाहीतर रात्री अकराला ढोलकी आणि गिटार घेऊन वीस पोरं दारात येतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे तुमचं घर टाळून पुढे जातील आणि तुम्ही आतून पायांचे आवाज ऐकत बसाल. तुमचे मिस्टर त्या गायनात असायचे का ते तुम्ही लिहिलं नाही, असले तर हे आणखी अवघड जाणार. पाळकसाहेबांना किंवा तरुण संघातल्या कुणाला फोन करून सांगा, या, पण एकच गाणं, शांत, वाद्यं नकोत, आणि एक छोटी प्रार्थना. किंवा सांगा की या वर्षी नको, पुढच्या वर्षी या. दोन्ही चालतं. परदेशात काही चर्चमध्ये २१ डिसेंबरच्या आसपास, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्री, ज्यांच्या घरी दुःख झालंय त्यांच्यासाठी वेगळी शांत उपासना ठेवतात. आपल्याकडेही करायला कुणी अडवलेलं नाही, एका घरात चार-सहा माणसं जमली तरी झालं. हे वाचणाऱ्या पाळकांना माझी ही कळकळीची विनंती समजा, तुमच्या मंडळीत या वर्षी ज्यांच्या घरी माणूस गेलं आहे त्यांची यादी काढा आणि २५ तारखेच्या आधी एकदा त्यांच्याकडे जाऊन या, सल्ला न देता.

२४ ला दिवसा मुलांना घेऊन कबरेवर जाऊन यायचं असेल तर जा, झेंडूची नाहीतर शेवंतीची फुलं न्या, सासूबाईंना विचारा येता का. घरी आल्यावर झोपा थोडं. जेवण वेळेवर करा, हे मी सगळ्यांनाच सांगते पण विधवा बायका सगळ्यांना वाढून स्वतः उपाशी राहतात म्हणून तुम्हाला जास्त सांगते. आणि एक गोष्ट गंभीरपणे. झोप पूर्ण उडाली असेल, आठवडेच्या आठवडे काही करावंसंच वाटत नसेल, किंवा आपणही त्यांच्या मागे जावं असे विचार येत असतील तर नाताळ होऊ दे मग बघू असं करू नका, डॉक्टरांकडे जा, किंवा टेली-मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, कधीही फोन करा. डॉक्टरकडे गेलं म्हणजे विश्वास कमी असं नाही, सुवार्ता लिहिणारा लूकच वैद्य होता.

ज्यांच्या घरी पहिली दिवाळी, पहिली ईद, पहिला गुढीपाडवा असाच रिकामा गेला त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल, रीत वेगळी असली तरी रिकामी खुर्ची सगळीकडे सारखीच.

आता चांदणी. लावायचीच असेल तर ती तुम्ही एकटीने गुपचूप लावू नका आणि मुलीचा हट्ट म्हणून सासूबाईंच्या इच्छेविरुद्धही लावू नका. मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. एखाद्या संध्याकाळी, भांडी आवरून झाल्यावर, मुलीला घेऊन सासूबाईंच्या शेजारी बसले असते आणि विचारलं असतं, आई, यांचा जन्म झाला त्या वर्षीचा नाताळ कसा होता? कुठे होता तुम्ही तेव्हा, नगरला का गावी? थंडी होती का, बाळाला चर्चला नेलं होतं का, कशात गुंडाळून नेलं होतं? नाताळ शेवटी एका बाळाच्या जन्माची गोष्ट आहे, आणि तुमच्या घरात त्यांच्या जन्माची गोष्ट माहीत असलेलं आता एकच माणूस आहे. त्यांना कुणी चार महिन्यांत विचारलं नसेल. सगळे मरणाबद्दलच विचारत असतील, कसं झालं, कधी कळलं, कोण होतं जवळ. त्या रडतील, तुम्हीही रडाल, मुलगी दोघींकडे बघत बसेल, चालेल. मुलगा दुसऱ्या खोलीत पुस्तक उघडून बसलेला असला तरी ऐकत असेल.

चांदणीचं त्याच्यानंतर त्यांनाच विचारा. त्या हो म्हणाल्या तर मुलाला माळ्यावरून काढायला सांगा, कागद फाटला असेल तर मुलगी चिकटवेल, आणि होल्डर-वायर आधी नीट तपासून घ्या, वर्षभर पडून असते. नाही म्हणाल्या तर तीच चांदणी न पेटवता घरात, तुमच्या मिस्टरांच्या फोटोजवळ नुसती ठेवता येईल का एवढं विचारून बघा.

जानेवारीत मला दोन ओळी लिहा, कसं गेलं ते.